पान बारा

अकोट, रविवार, ९ मार्च २०२५

दादा,

पत्र उघडलंच असशीन, तर पयले हातातला लाल पेन खाली ठेव. ठेवला? मंग वाच. मले माहीत हाये, लिफाफ्यावरचा पत्ताही तू तपासला असशीन.

तीन वर्षांनी लिहून राहिली. फोन केला असता, पण फोनवर तू माहं वाक्य पुरं होऊ देत नाही, मधातच दुरुस्त करतो. कागदावर तुले शेवटपर्यंत थांबाच लागते. अन् पत्र आपल्या घरच्या बोलीत हाये. बाईमाणसानं 'मी येतो' म्हणू नये, 'येते' म्हण, 'मले' म्हणू नको, 'मला' म्हण, असं तू अमरावतीले शिकाले गेला त्याच दिवाळीत मले सांगतलं होतं. मी 'येतो'च म्हणतो. आजी म्हणे, माय म्हणते, मी म्हणतो.

माय बरी हाये. माह्याच घरी हाये, तुह्या फोनची वाट पाहते, पण सांगत नाही. फुलाचं दुकान बसस्टँडसमोरच हाये. वावरात यंदा मोगरा भल्ला आला. आमचे घरधनी पुंजाराम खत टाकतेत, मी तोडतो अन् बांधतो. झाली खुशाली.

आता कामाचं बोलतो. २०२२ च्या जूनमधात अमरावतीच्या राजापेठेत तुह्या स्पोकन क्लासचं उद्घाटन झालं. चाळीस हार मी अकोटहून एसटीत मांडीवर घेऊन आली होती. तू माईक माह्या हातात देला अन् म्हणला, "ही माझी धाकटी बहीण." मले भरून आलं रे. दहा दिवस पाठ केलेलं वाक्य मी म्हणलं, की माहा भाऊ तुमाले इंग्रजी बोलाले शिकवणार हाये. त्यात 'टॉक इन इंग्लिश' म्हणाचं तर मी 'टॉक विथ इंग्लिश' म्हणली. तू माईक काढून घेतला अन् म्हणला, "बघा मुलांनो, ही चूक तुम्ही करायची नाही." दोनशे पोट्टे हासले. मी हारायची रिकामी टोपली घेऊन मागच्या दारानं निघाली. तीन भाऊबीजा कोरड्या गेल्या.

हासले ते हासले. मीही विसरली असती. पण तू ते छापलं! तुह्या क्लासच्या पुस्तकाचं पान बारा. वर मोठ्या अक्षरात 'हर्षाची चूक', अन् खाली टोपलंवाल्या बाईचं चित्र. मागच्या महिन्यात ते पुस्तक माह्या हातात पडलं. कोणी देलं ते विचारू नको. मी ते दुकानात उभ्यानं वाचलं अन् गिऱ्हाइकाले शेवंतीच्या जागी झेंडू देला.

ती चूक मी काहून केली, हे तुले कधी विचारावं वाटलं नाही. आता ऐक. सुईनं ओवतो, विळ्यानं कापतो, हातानं बांधतो. आपल्या घरी सगळं कायनं ना कायनं करतेत. मले वाटलं, इंग्रजीही तसंच एक हत्यार हाये, त्या हत्यारानं बोलाचं. म्हणून 'विथ'. येड्यासारखी चूक नव्हती ती. फूलवाल्याच्या पोरीची चूक होती.

मे महिन्याच्या चार तारखेले तुह्या क्लासचं वार्षिक संमेलन हाये. तारीख कशी कळली तेही विचारू नको. मी येतो. त्याच स्टेजवर, त्याच पोट्ट्यायसमोर दहा मिनिटं इंग्रजीत बोलतो, कागद न पाहता. तू पेन्सिल घेऊन बस. 'इन', 'विथ', 'टू', असा एक जरी शब्द माहा चुकला, तर पान बारा राहू दे अन् तुह्या प्रत्येक कार्यक्रमाले हार जन्मभर फुकट. नाही चुकला, तर ते पान तू आपल्या हातानं फाडाचं. सगळ्या पुस्तकायतून.

हाये हिंमत?

हर्षा


अकोट, रविवार, ३० मार्च २०२५, पाडवा

दादा,

तुह्या दोन ओळी पोचल्या. "हर्षा, हा पोरखेळ सोड. ते पान तुला दुखवायला छापलेलं नाही. तरी यायचंच असेल तर ये, परीक्षक म्हणून केशवराव सरांना बसवतो." वा रे वा! दुखवाले छापलं नाही म्हणे. मंग नाव काहून छापलं? 'एका बाईची चूक' म्हणला असता तर पान लहान झालं असतं काय?

पण केशवराव सर चालतीन. त्यायनं तुले शाळेत मारलं होतं, म्हणून मले ते आधीपासून आवडतेत.

आज सकायपासून उसंत नव्हती. पाडव्याचे हार, गुढीच्या माळा, बोटं पिवळी झाली हायेत, कागदाले डाग पडला तर समजून घे. माहा अभ्यास कसा चालू हाये ते सांगतो, म्हणजे मंग म्हणू नको की बहिणीनं फसवलं.

तुह्या पुस्तकातले नियम मी आठ दिवस घोकले. पाचवा नियम पाठ झाला की दुसरा निसटे. एक दिवस मोगऱ्याचा गजरा बांधून राहिली होती, तोंडानं नियम चालू, हातानं कळ्या. माय म्हणली, "अवं, एकटीच कळी काय बांधून राहिली? जोडी घे ना." पाहतो तर खरंच, ध्यान नव्हतं म्हणून एकेक कळी बांधत होती अन् मागं सगळ्या गळून राहिल्या होत्या. आपण गजऱ्यात दोन कळ्या घेतो, देठ एकमेकावर ठेवतो, मंग दोऱ्याचा फास टाकतो. हे तूही लहानपणी केलं हाये, आता विसरला असशीन.

तथीच दिमागात उजेड पडला. मी शब्द एकटा घेत होती. त्या दिवसापासून जोडीच घेतो. जुन्या लग्नपत्रिका कापल्या, चिठ्ठ्या केल्या अन् एका चिठ्ठीवर दोन शब्द लिहिले. 'स्पीक' एकटं लिहीत नाही, 'स्पीक इन' लिहितो. 'ट्रान्सलेट इनटू'. 'स्विच टू'. केळीच्या सोपटाच्या दोऱ्यात त्या चिठ्ठ्या बांधतो अन् दुकानात टांगतो. गिऱ्हाईक विचारतेत, हा हार कोणत्या देवाले?

अन् बांधता बांधता मले ते दिसाले लागते. 'इन' म्हणजे आपण वावरात उभे हावो, चारही बाजूनं भाषाच. 'इनटू' म्हणजे फुलं वावरातून काढून बाजारात नेली. 'स्विच टू' म्हणजे पाण्याचा दांड फोडून दुसऱ्या वाफ्यात वळवला. काही जोड्यायचं कारण मात्र सापडत नाही. 'गुड ॲट इंग्लिश', आता 'ॲट'च काहून? ते कोणालेच ठाऊक नाही. अशी जोडी आमी दोघी तोंडात बसेपर्यंत म्हणतो अन् सोडून देतो.

दोघी म्हणजे मी अन् माय.

मायनं पुरणपोळी केली हाये. तुले आवडते म्हणून नाही, सण हाये म्हणून. असं तिनं मले लिहाले सांगतलं.

हर्षा


अकोट, रविवार, २० एप्रिल २०२५

दादा,

मागच्या पत्रात मी खोटं बोलली. दोघी म्हणजे मी अन् माय नव्हे. मायले 'स्विच टू' कायले लागते?

दोघी म्हणजे मी अन् तुही आचल.

आता ओरडू नको. पोरीले अकरावीले तूच अकोल्याच्या होस्टेलात ठेवलं. अकोला ते अकोट, सकायची एसटी, दीड तासात माह्या दुकानात. जानेवारीपासून दर रविवारी येते. मायच्या, म्हणजे तिच्या आजीच्या हातचं जेवते, माह्यासोबत गजरे बांधते, संध्याकायच्या गाडीनं जाते. पुस्तक तिनंच आणलं, संमेलनाची तारीखही तिनंच सांगतली. सारा दोष मी माह्या डोक्यावर घेतो. तिले काही म्हणला, तर मी राजापेठेत येऊन तमाशा करीन, अन् तो शुद्ध वऱ्हाडीत करीन.

अभ्यासाच्या पयल्या रविवारी मी तिले म्हणली, "माय बाई, तू तर सरची पोरगी, मले चार वाक्यं बोलून दाखव." पोरगी कळ्या निवडत राहिली. खाली पाहे. मले वाटलं लाजून राहिली. मंग हळूच म्हणली, "आत्या, मी बाबांसमोर इंग्रजी बोलतच नाही. चुकले तर ते मला तेराव्या पानावर छापतील."

तीन वर्षं झाली, दादा. तुह्याच घरात, तुह्याच ताटासमोर बसून तुही लेक तुह्यासमोर एक वाक्य बोलली नाही. तुह्या ध्यानात तरी आलं काय? तू अर्ध्या अमरावतीचं तोंड उघडलं अन् घरच्या पोरीचं बंद केलं.

मी तिले म्हणली, आपण दोघी चुकू. दुकानात कोण हाये हासाले? झेंडू हाये अन् आजी हाये, अन् आजीले इंग्रजी येत नाही. मंग आमी इतक्या चुकलो, इतक्या चुकलो की चुकीची भीतीच खलास झाली. ती चुकली की मी टाळी वाजवतो, मी चुकली की ती वाजवते, अन् मंग दोघी मिळून खरी जोडी पुस्तकात शोधतो. आता पोरगी अशी फर्राट बोलते की बसस्टँडवरचे कंडक्टर पाहत राहतेत. मागच्या रविवारी एका ड्रायव्हरले तिनं इंग्रजीत पत्ता सांगतला. तो मराठी होता, पण तिले थांबवता आलं नाही.

पैज मी माह्या नावासाठी लावली होती, ते खरं हाये. पण आता ते पान तिच्यासाठी फाटलं पाहिजे. तेरावं पान निघण्याआधी बारावं फाटलं पाहिजे.

अन् मले आता भेव लागून राहिलं, हेही सांगून टाकतो. रोज सपनात माईक येते. पुंजाराम म्हणतेत, "नको जाऊ, कायले जिवाले घोर?" जातोच मी. चार तारखेले माय, आचल अन् मी, तिघी येतो. मायसाठी पयल्या रांगेत खुर्ची ठेवजो, तिचे गुडघे दुखतेत.

हर्षा


अकोट, सोमवार, ५ मे २०२५

दादा,

काल तू तथीच होता, मले माहीत हाये. पण तू साराच वेळ कागदाकडं अन् पेन्सिलीकडं पाहत होता. म्हणून काल काय झालं ते मी तुले सांगतो. हे असं सांगण्याचा मान माहा हाये, मी तो कोणाले देत नाही.

मी पायरी चढली. तेच स्टेज, तसेच पोट्टे, आता तर तीनशे. समोर तुहा टेबल. तुह्या बाजूले केशवराव सर, कानात मशीन. पयल्या रांगेत माय, नऊवारी नेसून, अशी बसली होती जशी काही तिचीच परीक्षा हाये.

मी सुरू केलं. 'गुड मॉर्निंग' म्हणली अन् सांगतलं की मी फुलं विकतो, अन् तुमच्या पुस्तकाच्या बाराव्या पानावर जी बाई हाये ती मी हावो. कोण्या तरी पोरानं पुस्तक उघडून पाह्यलं.

मंग मी म्हणली, 'आय वॉज स्ट्रगलिंग विथ इंग्लिश.' अन् तुही पेन्सिल टुणकन उडाली! पाह्यलं मी. केशवराव सरनं तुहा हात धरला अन् मान हालवली, बरोबर हाये म्हणून. चार वाक्यायनंतर मी म्हणली, 'माय निस हेल्प्ड मी विथ माय इंग्लिश.' पेन्सिल पुन्हा उठली, सरनं पुन्हा हात दाबला. तिसऱ्या खेपेले तर तू उचललीच नाही. हाव, मुद्दाम केलं. तीनही वेळा मुद्दाम. ज्या 'विथ'वरून तू मले हासवलं, तोच 'विथ' मी त्याच्या खऱ्या जागेवर बसवून तुह्यासमोर तीनदा नाचवला. रात्रंदिवस त्याच्यासाठीच मेहनत केली होती. भल्ली मजा आली!

मंग खांद्यावरच्या झोऱ्यातून चिठ्ठ्यायची माळ काढली. एक टोक पयल्या बाकावरच्या पोरीले देलं अन् म्हणली, वाच अन् मागं दे. माळ या बाकावरून त्या बाकावर जात राहिली. पोट्टे मोठ्यानं जोड्या वाचून राहिले. मागच्या भिंतीजवळ जे पोट्टे खाली मान घालून बसले होते ना, ज्याईचं नावही तुले ठाऊक नसन, तेही वाचून राहिले. तुह्या हॉलमधात एवढा आवाज मी पयल्यांदा ऐकला.

सर म्हणले, कोणाले प्रश्न विचाराचा हाये काय. तवा तिसऱ्या रांगेतून आचल उठली. हे मले माहीत नव्हतं, देवाशपथ. आमचं असं काही ठरलं नव्हतं. तीनशे पोरायसमोर, बापासमोर, स्वच्छ इंग्रजीत तिनं विचारलं, "आत्या, लोक तुला हसले तेव्हा तुला काय वाटलं?"

तुही मान तवा वर झाली. पयल्यांदाच. तू लेकीकडं असा पाहत होता जशी ती आताच जन्मली.

मी उत्तर देलं. म्हणली की स्टेज फाटावं अन् मी आत जावं असं वाटलं. मंग मी तीन वर्षं इंग्रजीतही गप्प होती अन् मराठीतही. मले वाटे, कोणी तरी जवळ बसून मले समजावून सांगावं. अन् बोलता बोलता मी म्हणून गेली, 'नोबडी एक्सप्लेन्ड मी.'

'टू' राहिला. 'एक्सप्लेन्ड टू मी' पाहिजे होतं. जोडी तुटली. तोंडातून निघतानाच मले कळलं. तुलेही कळलं. तुही पेन्सिल कागदावर टेकली. मी तुह्याकडं पाहत होती, तू माह्याकडं. अन् तू पेन्सिल आडवी ठेवून देली. सरच्या कानातली मशीन तवाच शिट्टी मारून राहिली होती, त्याईले ऐकू गेलं नाही.

तू उभा राह्यला अन् म्हणला, "चुका शून्य."

तुले सांगतो दादा, ते शून्य मी जन्मभर विसरणार नाही. तरी मले ते घेता आलं नाही. फुकटची जीत घेऊन मी आचलले काय शिकवलं असतं? मी माईक घेतला अन् म्हणली, "एक. एक्सप्लेनसोबतचा टू राहिला. माही चूक." अन् उभी राहिली. मनात म्हणलं, आता हासतीन.

एकही पोट्टं हासलं नाही. मागून एक टाळी वाजली, मंग दोन, मंग अख्खा हॉल. चुकीवर टाळ्या! दुकानात आमी दोघी वाजवतो तशा. सुरुवात आचलनं केली, हे सांगाले नकोच.

सर म्हणले, "गजेंद्र, मग पैज जिंकलं कोण?"

तू माईक घेतला. 'डिअर स्टुडंट्स' म्हणला अन् थांबला. पुन्हा 'डिअर स्टुडंट्स' म्हणला. मंग चष्मा काढला. अन् वीस वर्षांत जे तुह्या तोंडून ऐकलं नव्हतं, ते तीनशे पोरायसमोर, माईकवर ऐकलं.

"मले बोलता येऊन नाही राहिलं. माही बहीण जितली."

मायनं पयल्या रांगेतूनच आवाज देला, "गज्या, मंग आता घरी ये!" साऱ्या पोट्ट्यायले तुहं घरचं नाव कळलं. आता भोग.

येताना एसटीत आचल माह्या खांद्यावर झोपली होती. माय खिडकीतून बाहेर पाहून एकटीच हासून राहिली होती.

हर्षा


अकोट, रविवार, १८ मे २०२५

दादा,

पार्सल पोचलं. कंडक्टर म्हणला, ताई, कागदाचा गठ्ठा दिसते, वजन भल्लं हाये. उघडलं तर पान बारा, पान बारा, पान बारा. चारशे अकरा पानं, एकूणएक हातानं फाडलेली. काही वाकडी फाटली हायेत. म्हणजे तूच फाडली, कोण्या पोराले लावलं नाही. वर तुही चिठ्ठी, एका ओळीची, अन् ती ओळ 'मले' शब्दापासून सुरू. ती मी मायले तीनदा वाचून दाखवली. चौथ्यांदा तिनं स्वतःच हातात घेतली अन् उलटी धरून पाहत बसली.

पण पैज मी हारली होती, हे मी विसरली नाही. एक चूक म्हणजे एक चूक. म्हणून तुह्या पुढच्या कार्यक्रमाचे हार फुकट, अन् त्याच्या पुढच्याचेही. अन् एक पान मी ठेवलं. दुकानात गल्ल्याच्या वर काचेत लावलं, 'हर्षाची चूक' मोठ्या अक्षरात, टोपलंवाल्या बाईसकट. तिच्या डोक्यावर रोज ताजा गजरा घालतो. खाली माह्या हातानं दुसरी चूक लिहिली, 'एक्सप्लेन्ड मी'. जागा अजून बरीच हाये.

बाकी चारशे दहा पानायच्या आमी चिठ्ठ्या कापल्या. मागचं अकरावं पान कोरंच हाये, तथी जोड्या लिहितो. कापाले बारा बाया बसल्या होत्या. भाजीवाली मनकर्णाबाई, तिची सून, बसस्टँडवरच्या चहावाल्याची बायको. त्याईनं विचारलं, हे काय चालू हाये? मी सांगतलं. तर म्हणतेत, आमालेही शिकवा. झालं! दर रविवारी दहा वाजता दुकानामागं चटई टाकतो. फी एकच, एक तास कळ्या बांधून द्याच्या. आचल शिकवते, मी बसतो. पयल्याच दिवशी मनकर्णाबाईनं अशी चूक केली की हासून हासून आमच्या पोटात दुखलं, अन् सगळ्यात जास्त तीच हासली. टाळ्या बसस्टँडपर्यंत ऐकू गेल्या.

येत्या रविवारी तू ये. पयली गाडी पकड, म्हणजे दहाच्या आधी पोचशीन. माय पुरण घालणार हाये, सण नाही तरी. शिकवाचं नाही, मागच्या रांगेत बसाचं अन् कळ्या बांधाच्या. विसरला असशीन तर लेक दाखवीन.

लाल पेन घरी ठेवून येजो.

तुही बहीण,
पान बारावाली हर्षा